इकडे बघा हं, बाई

“आधी बघायला लाव, मग दाब. माणूस बघत नसेल तर तो फोटो नव्हे, नुसता कागद.”

अण्णांचं हे सांगणं ताईच्या अंगात इतकं मुरलं होतं, की स्टुडिओतल्या स्टुलावर कुणी येऊन बसलं की ते आपोआप कानात वाजायचं. ती शाळेत असताना अण्णा कॅमेऱ्यामागे उभे राहत आणि ती त्यांच्या शेजारी खुळखुळा धरून रडक्या पोरांना भुलवत असे. आता अण्णांचे गुडघे गेले. ते गल्ल्यामागे वेताच्या खुर्चीत बसून असतात आणि पासपोर्टच्या फोटोपासून नव्या जोडप्यांपर्यंत सगळं ताई बघते. आरशाजवळ दोरीला बांधलेला कंगवा, गोल फिरणारं स्टूल, खुंटीवरचा काळा कोट, ज्यात शहरातल्या निम्म्या पुरुषांचे खांदे कधी ना कधी शिरले आहेत, हे सगळं तिच्या हाताखालचं. “हनुवटी जरा खाली. इकडे बघा हं, बाई,” असं ती इतक्या मऊ आवाजात म्हणायची, की दात उपटून घ्यायला आल्यासारखी बसलेली माणसंही सैल पडायची.

रोज सकाळी नामाची माळ झाल्याशिवाय ती शटर वर करत नसे. दिवसभर खोटं बोलायचं नाही, हाही तिचा नेम होता. फोटोच्या धंद्यात तो पाळणं सोपं नाही. एखादी बाई फोटो बघून विचारायची, मी एवढी जाड दिसते का हो? ताई म्हणायची, उजेड फार छान पडलाय तुमच्यावर.

तिला हौस अशी एकच होती, दर्शनी खिडकीची. रस्त्याकडच्या काचेमागे एकच मोठा फोटो लावायचा ही अण्णांची रीत, आणि तो कुठला हे तेच ठरवत. कित्येक वर्षं तिथे ताईने काढलेली एक म्हातारी शिंपीण होती. बोळक्या तोंडाने हसणारी, काचेतून थेट रस्त्याकडे बघणारी. तो फोटो अण्णांनी स्वतः खिळ्याला टांगला होता आणि टांगून झाल्यावर काहीच बोलले नव्हते. अण्णा काही बोलले नाहीत म्हणजे शाबासकी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

एके सकाळी ताईने शटर वर केलं तर शिंपीण जागेवर नव्हती. तिथे अस्वल होतं.

अस्वल तरी कुठलं, अस्वलाची पाठ. काळी मादी जमिनीवर फतकल मारून बसलेली, समोरच्या झाडाच्या बेचक्यात तिचं पिल्लू. आई पिल्लाकडे बघते आहे, पिल्लू आईकडे बघतंय. आपल्याकडे कुणीच नाही. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात धाकटीचं लाडाचं नाव होतं, छबी.

हे नाव अण्णांनीच ठेवलेलं. ती जन्मली त्या दिवसापासून ताईला कुणी तिच्या नावाने हाक मारली नाही, ती नुसती ताई झाली. पुढे छबी दवाखान्यात एक्स-रे काढायला लागली. आम्ही दोघी फोटोच काढतो, असं ती पाहुण्यांना सांगायची, ताई वरून काढते आणि मी आतून. सुट्टीच्या दिवशी पाठीवर लांब लेन्स घेऊन ती अभयारण्यात जायची आणि संध्याकाळी पायाला चिखल आणि चेहऱ्यावर हसू घेऊन यायची. एवढं फिरून बहुतेक वेळा तिने फोटोच काढलेला नसायचा. ताईला ते तिचं खूळ वाटे, आणि खुळाचा कुणी हेवा करत नाही. पण खिडकीचा करतात.

शिंपीण कपाटावर ठेवली होती, भिंतीकडे तोंड करून. उन्हाने पिवळी पडली होती गं, अण्णा म्हणाले. ते खरंच होतं. म्हणूनच ताईने दुसरा मुद्दा काढला.

“अण्णा, फोटो म्हणजे डोळे, हे तुम्हीच सांगायचात ना? हिला तर तोंडच नाही.”

“आहे की,” अण्णा म्हणाले. “आपल्याला दाखवलं नाही, एवढंच.”

आणि पुन्हा खुर्ची जराशी वळवून ते खिडकीकडे बघत बसले. आतून फोटोचा मागचा पुठ्ठाच दिसतो, तरी बघत बसले.

त्यानंतर जे कोणी दुकानात येई ते आधी अस्वलाचं विचारी. कुणी काढलं? कुठे? भीती नाही का वाटली? बहिणीने, ताई सांगायची, तिकडे अभयारण्यात, तिलाच विचारा. एक बाई तर काळ्या कोटातल्या नवऱ्याला फोटोसाठी बसवता बसवता म्हणाल्या, की आमचे हे गॅलरीत बसले की पाठीमागून अगदी असेच दिसतात. सगळे हसले. ताईही हसली, पण त्या गृहस्थांचा पहिला फोटो हलला. तिच्या हातून फोटो हलल्याचं अण्णांनी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी माळेचे मणी बोटांखालून सरकत आणि डोळ्यांपुढे देवाऐवजी अस्वलाची पाठ येई. ती मनातल्या मनात म्हणे, देवा, तुझंच लेकरू आहे ते, त्याच्यावर माझा राग नाही. मग राग कुणावर, याचं उत्तर द्यायच्या आत ती पुढचा मणी ओढून घेई.

शेवटी एका संध्याकाळी तिने छबीला म्हटलं, मलाही ने एकदा. छबी इतकी हरखली की तिच्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला. कधीपासून म्हणत होते मी, ती म्हणाली, पण तुझं आपलं स्टूल आणि तू. तिच्या त्या आनंदाचाही ताईला त्रासच झाला. कारण मनातला फोटो तिने आधीच ठरवून टाकला होता. तीच मादी, पण समोरून. चांगले ठसठशीत डोळे. मग बघू अण्णा खिडकीत काय लावतात.

निघायच्या आदल्या दिवशी छबीने तिला सगळं समजावलं. केसांना वासाचं तेल नको. पिशवीत खायचं काही नको. पायवाटेवर असताना बोलत राहायचं, म्हणजे आपण येतोय हे अस्वलाला लांबूनच कळतं आणि ते बाजूला होतं. न बोलता अचानक समोर गेलं तर दचकतं. मचाणावर चढलं की मात्र तोंड बंद. हाक नाही, शीळ नाही, चुटकी नाही. कठड्याबाहेर हात नाही. जवळचा फोटो हवा तर लेन्स मोठी लावायची, पाय पुढे टाकायचा नाही.

“आणि मुख्य म्हणजे,” छबी म्हणाली, “त्याने आपल्याकडे बघितलं की फोटो संपला. कॅमेरा खाली. ते आपलं काम सोडून आपल्याकडे बघायला लागलं म्हणजे आपण त्याला त्रास दिला.”

“आमच्याकडे बघितल्यावर फोटो सुरू होतो,” ताई म्हणाली.

“हो ना, तुझी गिऱ्हाइकं पैसे देऊन बसतात. माझी बिचारी जेवत असतात.”

पिशवी भरताना ताईचा हात खुळखुळ्याकडे गेला. तो कायम कॅमेऱ्याशेजारच्या खणात असतो. तिने तो उचलला, न वाजवता धरून ठेवला आणि परत खणात ठेवला. खण लावून घेतला आणि तिला स्वतःचं कौतुक वाटलं. एवढा मोह आवरला म्हणजे झालं, असं तिला वाटलं.

अभयारण्याच्या फाटकापाशी एक वनरक्षक होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी खायच्या वस्तू पत्र्याच्या पेटीत ठेवायला सांगितल्या. ताईच्या पर्समधून पोरांना गप्प करायच्या पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या, तिने निमूट काढून दिल्या. मग मामा प्रत्येकाकडून शब्द घेत होते. मी मचाणाच्या खाली असतो, वर काय चाललंय ते मला दिसत नाही, ते म्हणाले. तुमच्यामुळे जनावर बिथरलं तर ज्याच्याकडून झालं त्याने स्वतः येऊन मला सांगायचं. म्हणजे मला पुढचं ठरवता येतं, मचाण बंद ठेवायचं की नाही ते. देता शब्द?

छबीने दिला. त्यांच्याबरोबर एक शाळामास्तर होते, त्यांनी दिला. ताईने दिला तेव्हा तिची माळ मनगटाला गुंडाळलेली होती. दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं, रीत आहे, म्हणायचं असतं तसं. ताईचं तसं नव्हतं.

मचाण म्हणजे लाकडी फळ्यांची खोली, तिला तीन बाजूंनी भिंती आणि समोर कठडा. शिडी मागच्या बाजूने, दोन्हीकडून जाळी घातलेल्या वाटेत उतरणारी. समोर मोकळं गवत, पडलेले ओंडके आणि त्यापलीकडे झाडी. तिथे बसल्यावर छबी बदलली. घरात जिची बडबड थांबत नाही ती पोरगी अशी बसली की जणू त्या फळ्यांबरोबर तिलाही खिळे मारलेत. कॅमेरा मांडीवर, हात कॅमेऱ्यावर, आणि श्वाससुद्धा असा की ऐकू येऊ नये. ताईचे गुडघे आखडले, पाठीला मुंगी चावली, पोटात गुरगुरलं. मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू अस्वल तीच आहे. आणि छबी आपली शांत. तिच्या त्या बसण्याचाही ताईला हेवा वाटला. आपण रोज आसनावर बसतो, आपल्याला का जमत नाही असं?

मादी आली तेव्हा काही आवाजच झाला नाही. गवतात काळं काही नव्हतं, मग होतं. मागून पिल्लू, पाय एकमेकांत अडकवत. मादीने एक ओंडका पंजाने सहज उलटला आणि ती मुंग्या चाटायला लागली. पाठ मचाणाकडे.

मास्तरांनी दोन-तीन फोटो काढले. छबीने कॅमेरा उचललाही नाही, ती नुसती बघत होती. ताईने डोळा कॅमेऱ्याला लावला. पाठ. दोन कान. पुन्हा पाठ. मादी जरा वळली, आता गाल दिसला, नाकाडाचा फिकट तपकिरी रंग दिसला, डोळ्याची कड. आणखी थोडं. एवढंसं. स्टुलावरची माणसंही अशीच बसतात, अर्धी वळून, आणि मग—

“इकडे बघा हं, बाई.”

तिने ते म्हणायचं असं ठरवलं नव्हतं. जन्मभर त्या क्षणी तिच्या तोंडून तेच आलेलं होतं, तसंच ते आत्ताही आलं, मऊ, अदबीने, स्टुडिओतल्यासारखं. आणि मादीने बघितलं. सरळ. ताईचं बोट दाबलं गेलं.

मग मादीच्या नाकातून जोराने हवा सुटली. तिने दातांवर दात आपटले, तो आवाज फळ्यांवर हातोडी मारल्यासारखा आला, आणि पुढचा पंजा जमिनीवर हाणला. पिल्लू सरसर झाडावर गेलं. सालीचे तुकडे खाली गळत होते. वर जाऊन ते कुंईकुंई करायला लागलं. तो आवाज ताईच्या ओळखीचा होता. स्टुलावर पहिल्यांदा बसवलेल्या पोराचा आवाज.

छबीने एका बोटाने ताईचा कॅमेरा खाली केला. कुणी हललं नाही. मादी झाडाखाली फेऱ्या मारत होती आणि दर फेरीला थांबून मचाणाकडे बघत होती. आता तिचं तोंड पाहिजे तेवढं दिसत होतं. खालून मामांचा दबका आवाज आला, एकेक जण मागे सरका, शिडीने उतरा, पळू नका. जाळीच्या वाटेने सगळे फाटकापर्यंत आले. पिल्लाचा आवाज तिथवर येत होता.

मामा रागावले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, की आवाज बाईमाणसाचा होता, दोघींतलं कोण?

दोघी बहिणींचा आवाज सारखा. फोनवर अण्णांनाही ओळखू येत नाही. मास्तर आपल्या बुटांकडे बघायला लागले. ताईने तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण त्या एका क्षणात तिला खिडकी दिसली, आणि अण्णांचा चेहरा दिसला, आणि घरी जाऊन काय सांगायचं ते दिसलं. आणि तेवढ्यात शेजारून तिचाच आवाज आला.

“माझ्या तोंडून गेलं, मामा.”

मामा छबीकडे वळले. तुम्ही असून? ते म्हणाले. छबी मान खाली घालून उभी राहिली. मग मामांनी सांगितलं, की मचाण आता बंद राहील, मादी परत निर्धास्त इथे चरायला येईपर्यंत. आणि त्यानंतरही हा मोसमभर तुमचा कॅमेरा आत येणार नाही. रिकाम्या हाताने बसायचं असेल तर या. छबी म्हणाली, बरं.

बसमध्ये खिडकीशी बसून छबी हसायला लागली. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत.

“अस्वलाला बाई म्हणालीस तू. वर अहो-जाहो.”

ताईला हसू येईना. “तू का सांगितलंस खोटं?”

“तुला विचारलं असतं तर तुला खरं सांगावं लागलं असतं, तुझा नेम आहे. मग तुला त्यांनी परत येऊ दिलं नसतं. पहिल्यांदाच तर आलीस माझ्याबरोबर.” ती बाहेर बघत म्हणाली, “माझं काय, मला सवय आहे. अण्णा तुला कॅमेऱ्याशी उभं करायचे आणि मला म्हणायचे, तू बाहेर पायरीवर बस, आवाज करू नकोस. गप्प बसायला मी तिथेच शिकले.”

ताईला हे माहीत होतं आणि नव्हतंही. पायरीवरची ती पाठ तिने रोज बघितली होती. तिला वाटे, पोरीची मजा आहे, काही काम नाही.

खोटं ती बोलली नव्हती. नेम मोडला नव्हता. दुसरीने आपला शब्द मोडून हिचा नेम सांभाळला होता. इतकं सहज देऊन टाकता येतं, आणि वर हसताही येतं, याचा ताईला सगळ्यात जास्त हेवा वाटला. लेन्सचा नाही, अस्वलाचा नाही, एवढा ह्याचा. बसमध्ये तिने मनगटावरची माळ सोडली आणि तशीच पर्समध्ये ठेवली.

फोटो मात्र अप्रतिम आला होता. तिने तो खिडकीच्या मापात मोठा करून घेतला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी भिंग काढलं. कपाळापासून खाली, सावकाश, डाग शोधत निगेटिव्ह तपासावी तसे ते बघत गेले.

“डोळे सुरेख आलेत,” ते म्हणाले.

ताई थांबली. त्यांनी गप्प बसावं, एवढीच तिची इच्छा होती.

“घाबरलीय गं ही.” त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. “आपण काय करायचो? स्टुलावरून उतरवायचं, पाणी द्यायचं, मग बघायचं जमतंय का. हिचं पिल्लू कुठाय?”

“झाडावर चढलं.”

“मग उतरलं का?”

ताईला ते माहीत नव्हतं. माहीत नाही, असं तिने सांगितलं, कारण तेच खरं होतं. अण्णांनी फोटो तिच्या हातात परत दिला. लावायचा असेल तर लाव, ते म्हणाले, दुकान आता तुझं आहे, खिडकीही तुझीच. हे त्यांनी कधी म्हणावं म्हणून तिने किती वाट पाहिली होती. आणि आता म्हणाले, तेही असं, जसं भाजीला किती मीठ घालायचं ते तू बघ म्हणावं.

तिने लावला. छबीच्या फोटोचा खिळा काढावा लागला नाही, तोच चालला. छबी संध्याकाळी दवाखान्यातून आली, रस्त्यावर उभी राहून तिने काचेतून बघितलं, आत येऊन म्हणाली, छान दिसतोय. ती मनापासून म्हणाली. मग कोपऱ्यात टेकवलेला आपला फोटो उचलून तिने कपाटावर ठेवला, शिंपिणीशेजारी. आणि जाता जाता शिंपिणीचं तोंड भिंतीकडून इकडे वळवलं.

रस्त्यावरून जाणारी माणसं थांबत होती. बरीच थांबत होती. एका आईने कडेवरच्या पोराला काचेपाशी नेलं, बघ, अस्वलबाप्पा. पोराने बघितलं आणि आईच्या मानेत तोंड लपवलं. ताईचा हात सवयीने खणातल्या खुळखुळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. दिवसभर ती कॅमेऱ्यामागून स्टुलावरच्या माणसांना खालच्या आवाजात सांगत होती, इकडे बघा. दर वेळी ते म्हणताना जीभ थोडी अडखळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ घेऊन बसली तेव्हा मणी सरकेना. नाम तोंडात होतं आणि कानात झाडावरचं कुंईकुंई. देता शब्द, असं कुणीतरी विचारत होतं. ती उठली. शटर वर केलं, काचेमागचा फोटो उतरवला, आणि कॅमेरा स्टुलावर ठेवला, जिथे गिऱ्हाइकं बसतात तिथे. खिडकी रिकामीच राहिली. मागच्या खोलीत छबी ड्यूटीवर जायच्या तयारीत होती, गाणं गुणगुणत केस विंचरत होती. तिला सांगितलं तर ती अडवेल, आणि हसून अडवेल, आणि ते हसणं पुन्हा सोसावं लागेल. ताईने सांगितलं नाही. अजून तेवढं मन मोठं झालं नव्हतं.

अण्णा खुर्चीत येऊन बसले होते. त्यांनी स्टुलावरचा कॅमेरा बघितला, रिकामी खिडकी बघितली, ताईच्या पायातले चालायचे बूट बघितले. काही बोलले नाहीत.

बस फाट्यावर थांबली. तिथून फाटकापर्यंत झाडीतली पायवाट. उतरल्यावर ताईने पर्स चाचपली, पेपरमिंट घरी ठेवल्याची खात्री केली. मामांना काय सांगायचं ते तिने ठरवलं नव्हतं, एका वाक्याचं काम होतं. चालताना बोलत राहायचं, हे तिला आठवलं. एकटीने काय बोलायचं? तिने माळ हातात घेतली आणि नाम मोठ्याने म्हणायला लागली, तिच्या त्या मऊ आवाजात. थोडं पुढे गेल्यावर डावीकडच्या झाडीत काहीतरी सळसळलं, बहुधा वारा. ती थांबली नाही, पाऊलही वाढवलं नाही.

“मी आहे हं, बाई,” ती म्हणाली. “इकडे बघू नका.”